हुद्दा आणि योग्यता

आपल्या योग्यतेपेक्षा कमी मान माणसाने स्वीकारावा काय, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे तो नव्या वेषात येऊन उभा राहतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात दहा-बारा वर्षे घालवलेल्या, हाताखाली आठ-दहा माणसे असलेल्या इंजिनिअरला एखाद्या जगप्रसिद्ध कंपनीकडून नेमणुकीचे पत्र येते. कंपनीचे नाव मोठे, पगारही बहुधा पूर्वीपेक्षा अधिक. पण हुद्दा मात्र दोन-तीन वर्षांच्या अनुभवी मुलाला शोभावा असा. हाताखालची माणसे जाणार आणि वरिष्ठ म्हणून कदाचित वयाने लहान व्यक्ती लाभणार. घरात आनंद होतो, पण त्या आनंदात एक सल असतो. हा स्वीकार म्हणजे नम्रता, की स्वतःच स्वतःचा केलेला अवमान?

असे घडते कसे, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. आपल्याकडील सॉफ्टवेअर उद्योग प्रामुख्याने सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी उभा केला. टीसीएस १९६८ साली स्थापन झाली. इन्फोसिसचा जन्म १९८१ साली पुण्यात झाला. इतरांची कामे करून देणाऱ्या अशा कंपन्यांत, नोकरीची वर्षे वाढतात तसा माणूस बहुधा प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याकडून देखरेखीकडे सरकतो. गूगल वा ॲमेझॉनसारख्या कंपन्यांची शिडी निराळी आहे. गूगलमध्ये नवा पदवीधर साधारणतः तिसऱ्या श्रेणीवर येतो आणि पाचवीला ज्येष्ठ इंजिनिअर म्हणवतो. ॲमेझॉनमध्ये हीच शिडी चौथीपासून सहावीपर्यंत जाते. उमेदवाराला मुलाखतीत समोरासमोर कोडी सोडवावी लागतात, मोठ्या प्रणालीचा आराखडा मांडावा लागतो, आणि श्रेणी बव्हंशी त्यावरून ठरते. जुना हुद्दा पाहिला जातो, पण तो निर्णायक नसतो. तेव्हा श्रेणी हे माणसाचे मोल नव्हे; एका संस्थेने, आपल्या गरजेपुरते, थोड्या तासांच्या परिचयावरून बांधलेले ते अनुमान होय.

तरीही प्रश्न संपत नाही. योग्यतेपेक्षा कमी मागणारा माणूस सद्गुणी असतो, असे ॲरिस्टॉटल मानत नाही. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात तो महामनस्कतेचे विवेचन करतो. योग्यता नसता मोठा मान मागणारा तो पोकळ अभिमानी. योग्यता असता ती नाकारणारा तो क्षुद्रमनस्क. या दोहोंत दुसरा दोष अधिक आढळणारा व अधिक वाईट, असे त्याचे मत आहे. कारण असा माणूस स्वतःला ओळखत नाही आणि जी चांगली कामे त्याच्या हातून व्हावयाची, त्यांपासून मागे सरतो. लहानपणापासून नम्रतेची महती ऐकत आलेल्या आपल्या कानांना हे कठोर वाटते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा तिढा सोडवला. त्यांच्या मते महामनस्कता व नम्रता परस्परविरोधी नाहीत. आपल्याला लाभलेल्या देणग्यांकडे पाहून माणूस स्वतःस मोठ्या कार्यास पात्र समजतो, ती महामनस्कता. आपल्या उणिवांकडे पाहून तो स्वतःस लहान समजतो, ती नम्रता. एकाच माणसाच्या ठायी दोन्ही नांदू शकतात. किंबहुना नांदल्या पाहिजेत, कारण दोहोंचा पाया सत्य हाच आहे.

हा निकष आपल्या इंजिनिअरला लावून पाहू. पाच वर्षे ज्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही, केवळ इतरांच्या कामाचे अहवाल पाठवले, त्याला खालची पायरी कदाचित खरेच सांगत असेल. ती स्वीकारून हात पुन्हा कामाला लावण्यात कमीपणा कसला? उलट, ज्याच्या हातून कठीण कामे नित्य पार पडत आहेत, त्याने सही करण्यापूर्वी ती स्पष्टपणे मांडावीत, वरची श्रेणी मागावी. अशी मागणी म्हणजे गर्व नव्हे. आपण ज्या मौनाला नम्रता म्हणतो, ते पुष्कळदा केवळ भय असते. आणि निव्वळ कंपनीच्या नावासाठी मन मारून होकार देणाऱ्याने ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण विसरू नये. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२,००० माणसे कमी करीत असल्याचे जाहीर केले. मोठे नाव कोणाला कायमचे छत्र देत नाही.

एकदा होकार दिला, की मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते. आता तो केवळ स्वतःचा राहत नाही. ‘आमच्याकडे आम्ही असे करीत नव्हतो’ हे पालुपद प्रत्येक बैठकीत लावणारा, तरुण वरिष्ठाची चूक टिपून मनोमन सुखावणारा माणूस त्या वरिष्ठावर अन्याय करतो. त्याने पद स्वीकारले, पण काम स्वीकारले नाही. केन थॉम्प्सन यांचे उदाहरण येथे आठवते. १९६९ साली युनिक्स प्रणालीची निर्मिती करणाऱ्यांत ते अग्रणी होते. सी भाषेची पूर्वज असलेली बी भाषा त्यांचीच. २००६ साली ते गूगलमध्ये गेले. तेथील नियमानुसार, भाषेची चाचणी दिल्याखेरीज कोणालाही आपला प्रोग्रॅम कंपनीच्या संग्रहात दाखल करता येत नसे. आपण ती अद्याप दिली नाही, सबब आपल्यालाही परवानगी नाही, हे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सहजपणे सांगितले. नियमाने सूट दिली नाही म्हणून युनिक्स लहान झाले नाही. आणि त्याच संस्थेत, दोन सहकाऱ्यांसमवेत, त्यांनी गो ही नवी भाषा घडवली.

निवडीला वावच नसलेल्यांचा विचार वेगळा करावयास हवा. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास त्याला बहुधा साठ दिवसांचीच मुदत असते. भाड्याचे घर, शाळेत जाणारी मुले, मागे गावी आईवडील. अशा वेळी मिळेल त्या हुद्द्याला तो होकार देतो. त्याला नम्रतेचा आदर्श ठरवून त्याचे कौतुक करणे हा एक प्रकारचा क्रूरपणाच होय. ती निकड आहे, आणि निकडीत लाज नाही. लाज असलीच, तर ती दुसऱ्याची अडचण ओळखून त्याच्या श्रमाचा भाव पाडणाऱ्यास असावी.

आणि आपण? लग्नसमारंभात, घरच्या पंगतीत आपण विचारतो, ‘हल्ली कुठल्या पोस्टवर आहे?’ मॅनेजर होता, आता साधा इंजिनिअर झाला, हे ऐकताच आपल्या स्वरात सहानुभूती येते. त्या स्वराच्या धास्तीने कित्येकांनी योग्य नोकऱ्या नाकारल्या असतील, कित्येकांनी घरच्यांपासून हुद्दा लपवला असेल. खालची पायरी स्वीकारणाऱ्याला जे धैर्य लागते, त्यातले बरेचसे त्याला आपल्याशी झुंजण्यात खर्चावे लागते. हुद्दा विचारण्याऐवजी आपण त्याला ‘तू काय काम करतोस, आणि त्यात तुझे मन रमते का?’ असे विचारू लागलो, तर त्याचा निर्णय निदान खरेपणाने घेण्यास तो मोकळा होईल.