सोडून दिलेल्या माशाचा प्रश्न

एखाद्या जिवाला सोडून देण्याच्याच हेतूने पकडणे ही हिंसा म्हणावी की हिंसा टाळण्याचा एक मार्ग, हा प्रश्न भारतीय नीतिविचाराला अगदी नवा नाही; परंतु गळाने मासे पकडण्याच्या आधुनिक छंदाने तो ज्या स्वरूपात उभा केला आहे, ते स्वरूप मात्र नवे आहे. मुंबईच्या उपनगरांत या छंदाचे जुने आणि प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पवईचा तलाव. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांपाठोपाठ १८९१ मध्ये तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही आणि पुढे महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन या संस्थेमुळे त्याचे नाव हौशी गळकऱ्यांच्या जगाशी जोडले गेले. या तलावाच्या एका अंगाला घाटकोपर आणि मुलुंड ही जैन कुटुंबांची मोठी वस्ती असलेली उपनगरे आहेत, दुसऱ्या अंगाला अंधेरीच्या किनाऱ्यावरचा वेसाव्याचा कोळीवाडा आहे आणि उत्तरेला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. माशाच्या जिवाविषयीच्या तीन वेगवेगळ्या भूमिका इतक्या जवळ नांदत असताना त्यांच्या मधोमध चाललेल्या या छंदाचा नैतिक हिशेब क्वचितच मांडला गेला आहे.

या छंदातील साधने आणि तंत्रे समजून घेतल्याशिवाय तो हिशेब मांडता येत नाही. जुन्या पद्धतीत पाण्यात चारा टाकून मासे एका जागी जमवले जातात, कणकेची गोळी गळाला लावली जाते आणि रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे ती खाण्यासाठी येतात. अलीकडे रूढ झालेली पद्धत मात्र अमेरिकेतील बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशाभोवती वाढलेली आहे. तिच्यात खरे आमिष नसतेच. बेडूक, गांडूळ किंवा लहान मासा यांची रबराची, लाकडाची अथवा धातूची नक्कल, जिला लूर म्हणतात, ती पाण्यात फेकून रिळाने अशा लयीत ओढली जाते की ती जिवंत वाटावी. बास हा मासा भारतातील तलावांत मूळचा नाही. पण त्याच्यासाठी घडवलेली साधने येथे मरळ आणि खाडीत व गोड्या पाण्यातही राहणारा जिताडा या दोन शिकारी माशांना तितकीच लागू पडतात, आणि जलपर्णीने झाकलेल्या पाण्यावरून रबरी बेडूक सरकवून मरळ उठवणे हे आज अनेक हौशी गळकऱ्यांचे आवडते तंत्र आहे. मासा हाती आला की त्याचे छायाचित्र घेऊन, शक्य तितक्या लवकर, त्याला पुन्हा पाण्यात सोडावे असा या पद्धतीचा शिष्टाचार आहे. बास पकडण्याच्या स्पर्धांचे अमेरिकी प्रवर्तक रे स्कॉट यांनी १९७२ पासून आपल्या स्पर्धांत हा नियम रुजवला आणि तेथून तो जगभर पसरला.

भारतीय परंपरेत गळाला लागलेला मासा फार जुना आहे, पण तो पाण्यातला कमी आणि दृष्टांतातला अधिक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मासा हा एक गुरू आहे: जिभेच्या लालसेने तो आमिषाकडे धावतो आणि प्राणाला मुकतो, म्हणून रसनेंद्रिय जिंकल्याखेरीज इतर इंद्रिये जिंकल्याचा काही अर्थ नाही, असे त्याच्यापासून शिकावयाचे. मराठी वाचकाला हा प्रसंग मुख्यतः एकनाथांच्या याच स्कंधावरील टीकेमुळे, १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतामुळे, परिचित आहे. या दृष्टांताची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. त्यात दोष संपूर्णपणे माशाच्या पदरी आहे. गळ टाकणारा माणूस जवळजवळ अदृश्य आहे, कारण दृष्टांताला त्याची गरजच नाही. संसारी जीव हा मासा, विषय हे आमिष, आणि गळ ज्याच्या हाती आहे तो काळ किंवा माया. यात मासे पकडणाऱ्या माणसाच्या आचरणाचा विचार करायला जागा उरत नाही.

परंतु लूर वापरणाऱ्या गळकऱ्यालाच हे ठाऊक असते की शिकारी मासा केवळ भुकेने गळ धरत नाही. काही वेळा तो भुकेने झडप घालतो, काही वेळा अचानक जवळून गेलेल्या हालचालीवर त्याचा जबडा आपोआप मिटतो, आणि विणीच्या काळात तो पिल्लांचे रक्षण करण्यासाठी हल्ला करतो. बासचा नर तळावर घरटे करून अंड्यांची आणि नंतर पिल्लांची राखण करतो. मरळीची नर-मादी पावसाळ्यात आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत फिरतात. तो थवा श्वासासाठी पृष्ठभागावर आला की पाण्यावर बुडबुड्यांचा लहानसा फेर उठतो आणि जाणकार गळकरी नेमका त्याच फेरात रबरी बेडूक टाकतो. पालक मासा त्यावर तुटून पडतो ते त्याला खाण्यासाठी नव्हे, तर पिल्लांजवळून हाकलण्यासाठी. अशा माशाला जिभेचा लोभी म्हणणे म्हणजे अवधूताच्या दृष्टांताचा दुरुपयोग आहे. चोवीस गुरूंच्याच यादीत त्याला अधिक जवळचा गुरू सापडतो, तो म्हणजे जाळ्यात सापडलेल्या पिल्लांच्या मायेने स्वतः जाळ्यात उतरणारा कपोत. तेथेही कथेला अतिस्नेहाचा धोका दाखवायचा आहे, पारध्याच्या कृत्याचा निवाडा करायचा नाही. तरीही पारधी तेथे निदान डोळ्यांसमोर येतो, आणि तो समोर आल्यावर प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे जैन विचाराने मांडला आहे. जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले जातात: स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात अटळपणे घडणारी ती आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात घडणारी ती उद्योगी, स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी, आणि केवळ इच्छेपोटी ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्णपणे टाळता येत नाहीत, म्हणून त्या मर्यादेत ठेवाव्यात. संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. मासेमारीचा व्यवसाय जैन श्रावकासाठी वर्ज्यच आहे, हे खरे. पण या वर्गीकरणाचा तर्क घेऊन वेसाव्याचा कोळी आणि पवईचा हौशी गळकरी यांची तुलना केली तर निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटेल असा निघतो. कोळ्याच्या जाळ्यात शेकडो मासे मरतात, तरी त्याची हिंसा उपजीविकेची आहे. गळकऱ्याच्या हातून कदाचित एकही मासा मरत नाही, तरी त्याने माशाला दिलेली वेदना कोणत्याही गरजेतून आलेली नाही, ती त्याने निव्वळ आनंदासाठी योजलेली आहे. जैन परिभाषेत द्रव्यहिंसा म्हणजे प्रत्यक्ष प्राणहानी आणि भावहिंसा म्हणजे मनातील विकारयुक्त प्रवृत्ती. मासा सोडून दिल्याने पहिली टळते, दुसरी मात्र गळ फेकण्याच्या क्षणीच पूर्ण झालेली असते.

बौद्ध विचारही कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतुपूर्वक प्रवृत्तीत, पाहतो. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांशेजारी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या पोढी, म्हणजे खडकातील टाकी, आजही पाहता येतात. भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे वस्त्र असे, ते पाण्यातील बारीक जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. पाण्यातील न दिसणाऱ्या जिवाची काळजी घेणारी ही दृष्टी आणि दिसणाऱ्या जिवाच्या जबड्यात काटा रुतवून त्याच्याशी झुंज घेण्याची दृष्टी यांत तडजोड होण्यासारखे फारसे काही नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की माशाला वेदना होतच नाहीत. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जाग्राहक असल्याचे दाखवले आणि ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर माशांचे वर्तन बराच काळ बदलते हेही नोंदवले. उलट जेम्स रोझ आणि ब्रायन की यांच्या मते माणसासारखा मेंदूचा बाह्यस्तर नसलेल्या प्राण्यात जाणिवेच्या पातळीवरची वेदना संभवत नाही. हा वाद मिटलेला नाही. परंतु हेतूला महत्त्व देणाऱ्या नीतीला तो मिटेपर्यंत थांबावे लागत नाही, कारण समोरच्याला कदाचित वेदना होत असेल हे माहीत असताना गंमत म्हणून ते कृत्य करणे, यातच दोषाचा मोठा भाग सामावलेला आहे.

सोडून देण्याच्या पुण्याविषयी ल्येझी या प्राचीन चिनी ग्रंथातील एक कथा येथे फार नेमकी बसते. नववर्षाच्या दिवशी लोक एका सरदाराला पारवे आणून देत आणि तो त्यांना मुक्त करून आपली दया दाखवी. तेव्हा एकाने त्याला सुनावले की तू सोडतोस हे ठाऊक असल्यामुळेच लोक चढाओढीने पारवे पकडतात आणि त्यात कित्येक मरतात, तेव्हा दयाच दाखवायची असेल तर पकडण्यावर बंदी घाल. युरोपातील काही कायदे याच तर्काने चालतात. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात प्राण्याला वेदना देण्यासाठी सबळ कारण लागते आणि केवळ करमणूक हे तसे कारण मानले जात नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमावलीने तर सोडून देण्याच्याच उद्देशाने मासे पकडण्यास मनाई केली. भारताचा १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा मनुष्येतर सर्व जिवांना प्राणी मानतो आणि अन्नासाठी प्राणी मारण्याला, अनावश्यक यातना टाळण्याच्या अटीवर, सूट देतो. ही सूट शब्दशः वाचली तर ती ताटात जाणाऱ्या माशापुरती आहे; छायाचित्रापुरता पकडलेला मासा तिच्यात बसवणे कठीण आहे. बासचा जागतिक विक्रम ज्याच्या नावावर पुढे अनेक दशके राहिला, त्या जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पकडलेला तो प्रचंड मासा घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला होता. या कसोटीवर त्याचे कृत्य आजच्या शिष्टाचारी स्पर्धकापेक्षा अधिक निर्दोष ठरते.

गळकऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मासा जिवंत राहावा अशी इच्छा असलेला माणूस तलाव जिवंत राहावा म्हणूनही झटतो, आणि सांडपाणी व जलपर्णी यांनी गुदमरलेल्या पवईसारख्या जलाशयाला अशा माणसांची गरज आहे. उलटा काटा नसलेला गळ वापरणे, ओल्या हातांनी मासा धरणे, त्याला पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवणे हे नियमही उपयुक्त आहेत. पण शुद्ध पाण्याची तळमळ ही गळावाचूनही बाळगता येते, आणि नियमांनी इजा कमी होते, संकल्प बदलत नाही. शिवाय सोडून देणे हे सर्वत्र पुण्यच असते असेही नाही: जपानमध्ये बास हा बाहेरून आलेला मासा स्थानिक जातींच्या मुळावर उठल्यामुळे बिवा सरोवरात तो पकडल्यावर पुन्हा पाण्यात सोडण्यास शिगा प्रांताने मनाई केली आहे. मूळच्या आफ्रिकेतील आणि आता महाराष्ट्रातील तलावांत सर्वत्र पसरलेल्या चिलापी माशाला सन्मानाने परत सोडणारा गळकरी नेमकी कोणावर दया करतो, हे त्यालाही सांगता येणार नाही.

मृगया सर्वथा वर्ज्य न मानणाऱ्या परंपरेतही काळाचे बंधन होते. महाभारताच्या आदिपर्वात मृगरूपाने मैथुनात असलेल्या किंदम ऋषीला पंडू बाण मारतो, तेव्हा किंदम त्याला मृग मारल्याबद्दल दोष देत नाही. मीलन पूर्ण होईपर्यंत थांबला नाहीस, एवढ्यासाठी शाप देतो. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या प्रजननकाळात मासेमारीस बंदी असते आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे, यामागेही तीच समज आहे. उपजीविकेसाठी मासे मारणारा जर विणीच्या काळात हात आवरतो, तर करमणुकीसाठी गळ टाकणाऱ्याला पिल्लांवर पहारा देणाऱ्या मरळीला डिवचण्याचा अधिकार उरत नाही. तिला काही मिनिटांसाठी उचलून परत सोडले तरी तेवढ्या वेळात इतर मासे पिल्ले फस्त करतात, आणि त्या पिल्लांना सोडून देण्याची सोय कोणत्याही शिष्टाचारात नाही. ज्यांना हा छंद सोडवत नसेल, त्यांनी खाण्यापुरता मासा पकडावा, तो लगेच आणि कमीत कमी यातना देऊन मारावा, आणि पावसाळ्यात पाण्यावर तांबूस थवा दिसला तर रॉड गुंडाळून घरी जावे.