पित्याची अमानत

बनू सलमा या कबिल्यातील एक गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत उपस्थित झाले आणि त्यांनी विचारले की, आई-वडिलांच्या मृत्यूनंतरही त्यांच्याशी सद्वर्तन करण्यासारखे काही शिल्लक राहते काय? हजरत अबू उसैद साअदी (रजि.) यांनी कथन केलेला हा प्रसंग अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आला आहे. प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि काही गोष्टी सांगितल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे, त्यांच्या क्षमेसाठी अल्लाहकडे याचना करणे, त्यांनी दिलेली वचने त्यांच्या पश्चात पूर्ण करणे, केवळ त्यांच्यामुळे जोडल्या गेलेल्या नातलगांशी संबंध राखणे आणि त्यांच्या मित्रांचा आदर करणे.

या उत्तरावर थोडे थांबून विचार केला पाहिजे. प्रार्थना आणि क्षमायाचना घराच्या चार भिंतींत होऊ शकतात. उरलेल्या गोष्टींसाठी मात्र घराबाहेर पडावे लागते. वचन कोणाला दिले होते ते शोधावे लागते, दुरावलेल्या आत्याच्या दारी जावे लागते, वडिलांच्या वृद्ध मित्राची विचारपूस करावी लागते. पित्याचे जीवन ज्या ज्या ठिकाणी इतरांच्या जीवनात गुंतलेले असते, त्या त्या ठिकाणी अपत्याला जाणे भाग पडते. प्रिय पित्याच्या स्मरणाचा इस्लामला अभिप्रेत असलेला मार्ग असा दुसऱ्यांच्या अंगणातून जातो.

आपल्याकडे मात्र हे स्मरण बहुधा घराच्या दारापाशीच थांबते. चाळिसाव्याला देगी चढतात, मंडप पडतो, आणि किती माणसे जेवून गेली यावर मुलांचे पितृप्रेम मोजले जाते. मुअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) हुतात्मा झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) जाफरच्या कुटुंबीयांसाठी अन्न तयार करावे असे इतरांना सांगितले होते. अन्न दुःखी घराकडे जायचे असते, त्या घरातून बाहेर यायचे नसते. आपण ही दिशा उलटी करून टाकली आहे. त्यातही वारसांमध्ये अज्ञान मुले असतील आणि जेवणावळीचा खर्च अविभक्त संपत्तीतून होत असेल, तर अनाथांचे धन खाणाऱ्यांना दिव्य कुरआनने सूरह अन्-निसाच्या दहाव्या आयतीत जो इशारा दिला आहे, तो त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने आठवावा.

परंतु या लेखाचा मुख्य विषय त्याहून आधीचा आहे. पित्याप्रति असलेले हे कर्तव्य त्याच्या मृत्यूनंतरच सुरू होते काय? कर्करोगाने वडील गमावलेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. हृदयविकाराचा झटका माणसाला बोलण्याचीही सवड देत नाही. कर्करोग बहुधा देतो. काही महिने, कधी एखादे वर्ष. या अवधीचे काय करावयाचे, हा वैद्यकीय प्रश्न तर आहेच, पण तो नैतिक प्रश्नही आहे.

सामान्यतः असे घडते. तपासणीचा अहवाल मुलांच्या हाती येतो, डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले जाते की त्यांना काही कळू देऊ नका, आणि घरात एक प्रेमळ कट शिजतो. गाठीला अल्सर म्हटले जाते, किरणोपचाराला शेक म्हटले जाते. यामागे प्रेमाखेरीज दुसरे काही नसते, हे मान्य केलेच पाहिजे. रुग्णाचे धैर्य खचेल, तो अन्न सोडेल, ही भीती निराधारही नसते. ज्या रुग्णाला स्वतःलाच जाणून घ्यायचे नाही, त्याच्यावर सत्य लादावे असे कोणी म्हणणार नाही. पण जो विचारतो आहे त्याला टाळणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्याकडे लोकांच्या ठेवी असतील, त्याने कोणाचे देणे ठेवले असेल, कोणाशी अबोला धरला असेल. हे सारे निस्तरण्यासाठी अल्लाहने त्याला जो अवधी दिला, तो आपण प्रेमापोटी त्याच्या हातून काढून घेतो. ज्याच्यापाशी मृत्युपत्रात नोंदवण्याजोगे काही आहे, त्याने ते लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही काढू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ती निरोगी माणसालाही लागू आहे. मग ज्याचे आजारपण मुलांना ठाऊक आहे आणि त्याला स्वतःला मात्र ठाऊक नाही, त्याने काय करावे?

ही हदीस हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केली आहे आणि ती ऐकल्यापासून आपली एकही रात्र मृत्युपत्र जवळ असल्याविना गेली नाही, असेही त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या स्वतःच्या पित्याचा अंतकाळ त्यांनी जवळून पाहिला होता. हिजरी सन २३ मध्ये फजरच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचे वार झाले. त्यांना पेय पाजले असता ते पोटाच्या जखमेतून बाहेर आले. मग दूध पाजले, तेही बाहेर आले. मुसनद अहमदमधील वृत्तांतानुसार तपासणाऱ्या वैद्याने त्यांना स्पष्ट सांगितले की, आता आपली अंतिम व्यवस्था करा. हजरत उमर (रजि.) यांनी त्या वैद्याला दोष दिला नाही. याने मला खरे सांगितले, अन्यथा सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. आणि त्यानंतर त्यांनी पुत्राला काय सांगितले? सहीह बुखारीत हे विस्ताराने आले आहे. माझ्यावर कर्ज किती आहे ते मोज, असे ते म्हणाले. हिशेब सुमारे ८६ हजारांचा निघाला. आधी उमरच्या कुटुंबाच्या मालमत्तेतून ते फेडावे, कमी पडल्यास बनू अदीकडे जावे, तरीही न भागल्यास कुरैशकडे, पण त्यापलीकडे कोणाकडे हात पसरू नये, असा क्रमही त्यांनी लावून दिला. ज्यांच्या सत्तेखाली इराक, शाम आणि मिस्र होते त्यांच्या अखेरच्या तासांत कर्जाच्या हिशेबाला हे स्थान होते. त्या वेळी कोणी सांत्वनासाठी जखम किरकोळ असल्याचे सांगितले असते, तर ते कोणाच्या हिताचे झाले असते?

येथे माझ्या वडिलांविषयी काही लिहिणे आवश्यक वाटते, कारण या विचाराला त्यांच्याच आजारपणाने आकार दिला. सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी ते मोटारी भरत असत. विहिरीवरची किंवा नदीकाठची विजेची मोटार जळाली की तिची जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा व्यवसाय. शेतकरी त्यांना मिस्त्री म्हणत. मोटारी उन्हाळ्यात जळतात आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. उसाचे बिल आले की देतो, हे वाक्य आमच्या दुकानात इतक्यांदा उच्चारले गेले असेल की त्याची मोजदाद नाही. त्यामुळे उधारीची वही हीच अब्बांची खरी मालमत्ता होती.

अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले तेव्हा धाकट्या भावाचे मत त्यांना सांगू नये असे होते. तो निर्णय आमच्या हाती राहिलाच नाही. अब्बांनी डॉक्टरांना सरळ विचारले आणि डॉक्टरांनी सरळ सांगितले. घरी परतल्यावर त्यांनी पाणी मागितले, ते कष्टाने गिळले, आणि म्हणाले, “वही आण बाळ.” पुढील चार महिने उपचार चालू होते, ते त्यांनी मनापासून घेतले, कारण औषधोपचार करणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. आणि ज्या दिवशी अंगात त्राण असे, त्या दिवशी वही चालू असे. मागील पानांवर त्यांनी स्वतःचे देणे लिहिले. तारेच्या व्यापाऱ्याचे किती, हाताखालच्या मुलाचा कोणत्या महिन्याचा पगार राहिला. अम्मीचा महर लग्नापासून बाकी होता, तो त्यांनी तिच्या हाती दिला. पुढील पानांवरील अकरा नावांवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि बाजूला ‘माफ’ असे लिहिले.

महरचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. जनाजा उठण्यापूर्वी स्त्रिया विधवेभोवती बसतात आणि तिच्याकडून महर माफ करवून घेतात, ही आपल्या समाजातील मोठी निष्ठुर रीत आहे. महर हे पतीवरील कर्ज आहे. शोकाने भान हरपलेल्या स्त्रीच्या तोंडून काढून घेतलेली माफी ही माफी कशी ठरेल, याचा विचार प्रत्येक मोहल्ल्यातील जाणत्यांनी करावा.

अब्बांच्या निधनानंतर त्या अकरा रेघांनी प्रश्न उभा केला. पित्याच्या शेवटच्या इच्छेचा मान राखणे हे कर्तव्य आहे, यात आम्हा कोणालाही शंका नव्हती. पण आमच्या मशिदीच्या मौलानांनी दोन प्रश्न विचारले. त्यांच्यावर स्वतःचे देणे किती होते? आणि या रेघा आजारपणाआधीच्या की नंतरच्या? फिकहच्या दृष्टीने मृत्यूला कारण ठरलेल्या आजारात दिलेली देणगी किंवा केलेली कर्जमाफी ही मृत्युपत्रासारखी मानली जाते. आधी दफनाचा खर्च, मग कर्जफेड, आणि उरलेल्या संपत्तीच्या एकतृतीयांशापर्यंतच अशी माफी वैध. त्यापलीकडे वारसांची संमती लागते आणि अज्ञान वारसाच्या वतीने तशी संमती कोणालाच देता येत नाही. ही मर्यादा हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या प्रसंगातून आली आहे. अखेरच्या हजच्या वर्षी मक्केत ते अत्यवस्थ असताना त्यांनी जवळपास सारी संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली होती. प्रेषितांनी (स.) ती एकतृतीयांशावर आणली, तीही पुष्कळ आहे असे सांगितले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या स्थितीत सोडण्यापेक्षा संपन्न स्थितीत सोडणे उत्तम असल्याचे समजावले. (साद पुढे बरे झाले आणि कादिसियाच्या लढाईत त्यांनी मुस्लिम सैन्याचे नेतृत्व केले. आजारी माणसाला मृत समजण्याची घाई करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

अब्बांच्या अकरा रेघा त्या मर्यादेत बसल्या. पण आता धाकट्या भावाने सुचवले की, अब्बांच्या नावे सारी वहीच माफ करून टाकू, त्यांना पुण्य लाभेल. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचा हेतू निर्मळ होता. मौलाना म्हणाले, “बेटा, तुझा हिस्सा तू माफ कर, अल्लाह कबूल करो. आईचा आठवा हिस्सा आणि बहिणीचा हिस्सा माफ करणारा तू कोण?” आमच्यापैकी कोणाच्याही मनात बहीण आली नव्हती. ती कोल्हापूरला नांदते. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली की तिच्या मुलाची महाविद्यालयाची फी भरायची आहे, तिला तिचा हिस्सा हवा आहे. अम्मीने नावे एकेक करून वाचायला लावली. बहुतेकांना तिने आपल्या हिश्शापुरती सूट दिली. एका ट्रॅक्टरवाल्या द्राक्षबागायतदाराचे नाव आले तेव्हा मात्र नकारार्थी मान हलवली. मला वाटते, त्या दिवशी बहिणीला कोणी कंजूष म्हटले नाही, हाच अब्बांचा सर्वांत मोठा सन्मान झाला. पित्याच्या गौरवासाठी मुलीचा हक्क खर्ची घालणे ही आपल्याकडची इतकी जुनी सवय आहे की ती आपल्याला औदार्यच वाटते.

याच्या उलट टोकाला वाटणीची घाई असते. हजरत झुबैर (रजि.) यांनी जमलच्या युद्धाच्या दिवशी पुत्र अब्दुल्लाह यांना सांगितले होते की, मला सर्वाधिक चिंता माझ्या कर्जाची आहे. लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवायला येत आणि ठेव हरवली तर त्यांचे नुकसान होईल म्हणून ते ती कर्ज म्हणून स्वीकारत. म्हणजे दुसऱ्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेत. हा बोजा २२ लाखांचा निघाला. अब्दुल्लाह यांनी जमिनी विकून तो फेडला. त्यानंतर वारसांनी वाटणी मागितली, पण त्यांनी दिली नाही. सलग चार वर्षे हजच्या मोसमात ते घोषणा करीत राहिले की, ज्याचे झुबैरकडे काही येणे असेल त्याने यावे. चार वर्षांनंतरच वाटणी झाली. त्या काळात हजच्या मेळ्यात चहूकडून लोक येत, म्हणून हा मार्ग त्यांनी निवडला असावा.

आणि अब्दुल्लाह बिन उमर (रजि.)? पित्याचे कर्ज मोजणारे हे पुत्र एकदा मक्केच्या वाटेवर असताना त्यांना एक ग्रामीण अरब भेटला. त्यांनी स्वतः विसाव्यासाठी बरोबर घेतलेले गाढव त्याला दिले आणि डोईचा पागोटाही दिला. सोबत्यांना आश्चर्य वाटले. या लोकांना थोडक्यातही समाधान मानता येते, असे ते म्हणाले. अब्दुल्लाह (रजि.) यांनी कारण सांगितले की, याचे वडील उमर यांचे स्नेही होते. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे.

अब्बांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद अशी आहे: ३ एचपी मोटार, भरून तयार, आगाऊ दिलेल्यातले १,४०० रुपये परत देणे, तासगावकडचे पाटील. एवढेच. तासगाव भागात पाटलांची घरे किती आहेत, हे त्या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने त्या भागातील आठवडी बाजारांना जाऊन विचारून येतो, पंपाच्या दुकानांतही निरोप ठेवले आहेत. मोटार दुकानातच आहे. गंज धरू नये म्हणून धाकटा भाऊ पावसाळ्यानंतर ती उघडतो, बेअरिंगला ग्रीस लावतो, क्षणभर चालवून पाहतो आणि पुन्हा झाकून ठेवतो.