दया की देणे?

समुद्रकासवांची अंडी राखण्यासाठी उन्हाळ्यात भल्या पहाटे उठून वाळू तुडवणारी माणसे आपल्या इस्राएलात आता बरीच झाली आहेत. आपल्या समाजातील काही मुलेमुलीही त्यांत दिसतात. माझी धाकटी मुलगी त्यांपैकीच एक. तिच्या या उद्योगामुळे घरी येणाऱ्या पाहुण्यांकडून मला एक प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो, आणि तो नुसता टोमणा समजून सोडून द्यावा असा नाही. प्रश्न असा : "मास्तर, जगात माणसे उपाशी आहेत, आपल्याच इमारतीत म्हातारी माणसे एकटी पडली आहेत, आणि तुमची पोरगी कासवांवर दया करीत हिंडते. हे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत काय?"

वाचकहो, मी जन्मभर मुलांना व्याकरण शिकवले. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी त्यातले शब्द तपासण्याची खोड मला लागली आहे. या प्रश्नातला 'दया' हा शब्दच मला खटकतो.

पण आधी हे काम असते तरी काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या भूमध्य किनाऱ्यावर दोन जातींची कासवे अंडी घालतात, एक लॉगरहेड आणि दुसरे हिरवे कासव. मादी रात्री वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी त्यात सोडते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. पुढचे सुमारे पन्नास ते साठ दिवस अंडी, वाळू आणि ऊन. निसर्ग व उद्यान प्राधिकरणाचे निरीक्षक सकाळी किनाऱ्यावर माग काढतात. मादीचा माग ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखा दिसतो. घरटे धोक्याच्या जागी असले तर अंडी काढून कुंपण घातलेल्या वाळूत पुन्हा पुरतात. हे काम पहिल्या काही तासांतच उरकावे लागते. गर्भ अंड्याच्या आतल्या पापुद्र्याला एकदा चिकटला, की अंडे फिरवले तरी आतला जीव जातो. म्हणून जी बाजू वर होती तीच वर ठेवून, तेवढ्याच खोलीवर, एकेक अंडे ठेवायचे. मग वही. तारीख, जागा, अंड्यांची संख्या, फुटलेली किती, वाया गेलेली किती. माझ्या मुलीच्या बोलण्यात कासवे कमी आणि ही वहीच जास्त असते.

तिने एकदा मला सांगितले की पिल्ले बाहेर पडतात त्या रात्री वाळूतले खेकडे टपून बसलेले असतात, आणि स्वयंसेवक त्यांना हुसकावून लावतात. मी विचारले, "खेकड्याचा काय गुन्हा?" ती हसली. मी मात्र हसण्यासाठी विचारले नव्हते. खेकड्यालाही पोट आहे. कोल्ह्याला आहे, समुद्रपक्ष्याला आहे. कासवाच्या हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे जाणकार मानतात. उरलेली नऊशे नव्याण्णव कोणाच्या तरी पोटात जाण्यासाठीच जन्मलेली असतात. मग आपण कासवाचा पक्ष कोणत्या अधिकाराने घेतो? पिल्लू गोजिरवाणे आणि खेकडा ओंगळ, म्हणून? असे असेल तर ती दया नव्हे, आवडनिवड झाली.

आपल्या वडीलधाऱ्या शास्त्रकारांना ही अडचण फार पूर्वी दिसली होती. तोरेत आज्ञा आहे की पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले किंवा अंडी घेण्याआधी आईला सोडून द्यावे. वाचले की मनात येते, केवढी ही दया! रांबामनेही आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात या आज्ञेचे कारण आईचे दुःख हेच दिले आहे. परंतु मिश्नाच्या बेराखोथ भागात उलटेच सांगितले आहे. देवाची दया पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोहोचते असे जो प्रार्थनेत म्हणेल त्याला गप्प करावे, असा तेथे नियम आहे. का गप्प करावे, यावर गमारात दोन मते आहेत. एक मत असे की त्यामुळे प्राण्याप्राण्यांत मत्सर उत्पन्न होतो. दुसरे असे की देवाच्या आज्ञांना तो दया ठरवतो, वस्तुतः त्या हुकूम आहेत. पहिल्या मतात मला माझा खेकडा भेटला. दुसऱ्या मताने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. घरट्यातल्या आईला सोडणे हे आपल्या मनाच्या मऊपणावर ठेवलेले नाही. मन मऊ असो की कठोर, सोडायचे ते सोडायचेच.

आता कासवाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरच्या दीडेक दशकात, ब्रिटिश अमलात, या आपल्या किनाऱ्याजवळ सुमारे तीस हजार कासवे पकडली गेली असा अंदाज आहे. ती गेली सुपासाठी. कोट्यवधी वर्षे खेकडे आणि कोल्हे आपला वाटा घेत आले तरी कासवाचा वंश बुडाला नव्हता. तो बुडायला लागला तो या काळात आणि त्यानंतर, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू बांधकामाला उपसली गेली, दिवे लागले, जीपगाड्या धावल्या, प्लास्टिक आणि जाळी समुद्रात वाढली तेव्हा. खेकड्याने जे घेतले ते व्याजातले होते. मुद्दल माणसाने उचलले. म्हणून रात्री खेकडा हाकणारी मुले निसर्गाच्या न्यायात ढवळाढवळ करीत नसून माणसाने काढलेल्या कर्जाचा हप्ता भरीत आहेत, असे मी आता मानतो. खेकड्याची मी मनातल्या मनात क्षमा मागतो. आमच्या कर्जापायी त्याचे एक जेवण बुडते, हे खरेच आहे.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की ती तीस हजार कासवे आम्ही खाल्ली नाहीत. आमचे आईबाप तेव्हा कुलाबा जिल्ह्यात नाहीतर मुंबईत होते. आम्ही अलिया केली १९४८ नंतर, आणि कासव तर आम्हाला निषिद्धच, त्याला ना पर ना खवले. सगळे खरे. पण वडिलोपार्जित जमीन घ्यायची आणि वडिलांचे कर्ज नाकारायचे, हे कोणत्या पंचायतीत चालेल? अश्दोदच्या किनाऱ्यावर संध्याकाळी आपण फिरतो तो रुंद झगझगीत रस्ता कासवांच्याच वाळूला लागून आहे. सुपाचा घोट आपण घेतला नसेल, पण घर आपल्याला मिळाले आहे आणि घरावरचा बोजाही त्याबरोबर आला आहे.

हिब्रू भाषेत गरिबाला द्यायच्या पैशाला 'त्सेदाका' म्हणतात, आणि त्याचे मूळ 'त्सेदेक', म्हणजे न्याय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. देणारा उपकार करीत नाही, तो दुसऱ्याचे त्याला परत करतो. गंमत अशी की स्वयंसेवकाला हिब्रूत 'मितनदेव' म्हणतात, आणि तो शब्द 'नेदावा', म्हणजे स्वखुशीचे अर्पण, याच्या कुळातला. भाषा येथे माझ्या विरुद्ध साक्ष देते. असो. भाषेशी भांडण्याचे माझे वय गेले.

आता उपाशी माणसांकडे येतो, कारण पाहुण्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. कासवांचे काम दया असेल तर तो प्रश्न बिनतोड आहे. दया आपण ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटतो, आणि माणूस आधी, कासव मागून, हा क्रम मला मान्य आहे. पण ते देणे असेल तर? दुकानदाराची उधारी बुडवून ते पैसे अनाथाश्रमाला दिले तर दुकानदार काय म्हणेल? त्याची उधारी उरतेच. अर्थात घरी आजारी आई असताना तिला सोडून किनाऱ्यावर जाणाऱ्याला मी चांगला म्हणणार नाही. एका माणसाला सगळी देणी एकाच दिवशी फेडता येत नाहीत. परंतु एकटे पडलेल्या म्हाताऱ्यांची आठवण कासवांचा विषय निघाला म्हणजेच ज्यांना होते, त्यांना मी विचारतो की मागच्या शब्बाथला तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कोणाकडे जाऊन आलात?

शब्बाथवरूनही एक आठवले. जखमी कासव शनिवारी सापडले तर काय करावे, असे मुलीने मला विचारले होते. मी हाखाम नव्हे, निर्णय देणे माझे काम नाही. पण गमारात पाण्याच्या चरात पडलेल्या जनावराची गोष्ट आहे. शब्बाथ असला तरी त्याच्याखाली उशा आणि गाद्या टाकाव्यात म्हणजे ते आपले आपण वर येईल, असे तेथे सांगितले आहे. आपल्या शनवार तेल्यांच्या घाण्याचा बैलही शनिवारी सुटलेला असे. तो विसावा बैलाचा हक्क होता, तेल्याची मर्जी नव्हे.

देणे म्हटले की आणखी एक गाठ सुटते, ती पगाराची. फुकट काम करणारा थोर आणि पैसे घेऊन करणारा हलका, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाव पाहा. तेथे तुपळी कासवे, म्हणजे ऑलिव्ह रिडले, अंडी घालतात. कोकणात देवळादेवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, लोक त्याला हात लावून नमस्कार करतात. त्याच कोकणात किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली आणि विकलीही जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ पासून तेथे संरक्षण सुरू केले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावकरी 'कासवमित्र' झाले, त्यांना मानधन मिळू लागले. पाहुणे घरोघर उतरू लागले, जेवणाचे चार पैसे गावात राहू लागले. याला कोणी धंदा म्हणेल. मी म्हणतो, ज्या गरिबाच्या ताटातले अंडे तुम्ही काढून घेता त्याच्या पोटाची सोय आधी करा. शहरातल्या माणसाने आपले देणे मच्छीमाराच्या खिशातून फेडू नये.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशातल्या ओस्तिओनाल गावी तर याहून धाडसाचा तोडगा काढला आहे. तेथे हजारो कासवे एकदम वाळूवर येतात, आणि मागून येणाऱ्या माद्या आधीच्या माद्यांची घरटी उकरून टाकतात. म्हणून पहिल्या काही तासांतली, एरवी बहुतेक नासणारीच, अंडी गावकऱ्यांनी कायद्याने काढावीत आणि विकावीत, त्या बदल्यात किनारा राखावा, असा प्रकार १९८७ पासून चालू आहे. पुष्कळांना तो खपत नाही. मला तो घरट्यातल्या आईच्या आज्ञेच्या फार जवळचा वाटतो. तीही आज्ञा अंडी घेऊच नका असे म्हणत नाही.

उलट काही फुकटचे काम मला पसंत नाही. दूर देशी पैसे भरून जायचे, पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढायचा आणि परत यायचे. काही ठिकाणी पाहुण्यांच्या सोयीसाठी पिल्ले तासन् तास टोपलीत अडकवून ठेवतात. पिल्लाजवळ अंड्यातल्या बलकाची थोडीशी शिदोरी असते. त्या जोरावर त्याला पहिले काही दिवस पोहून खोल समुद्र गाठायचा असतो. टोपलीत धडपडून ती शिदोरी संपते. येथे देणे राहिले बाजूला, नवे कर्ज चढले.

आपल्याकडे मिखमोरेत येथे, नेतान्याच्या उत्तरेस, १९९९ मध्ये जखमी समुद्रकासवांचे शुश्रूषा केंद्र सुरू झाले. जाळ्यात गुरफटलेली, गळ गिळलेली, बोटीच्या पंख्याने कवच फुटलेली कासवे तेथे येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये समुद्रातून डांबर आले आणि देशाचा बहुतेक भूमध्य किनारा काळा झाला. तेव्हा हजारो स्वयंसेवक वाळू साफ करायला धावले, काहींना वाफेने इस्पितळातही जावे लागले. केंद्रात आणलेल्या कासवांच्या घशात आणि आतड्यात डांबर होते. त्यांना मेयोनेज भरवले. अंडे आणि तेल यांच्या त्या घाटणात डांबर सुटते आणि बाहेर पडते. कोंबडीच्या अंड्याने कासवाला वाचवले, तेव्हा प्राण्यांतल्या मत्सराच्या यादीत कोंबडीचेही नाव घालायला हरकत नाही.

पण असे दिवस क्वचित. एरवीचे काम म्हणजे टाक्या घासणे, मासे चिरणे, वही भरणे आणि दिवे विझवणे. अंड्यातून निघालेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावते. पूर्वी उजळ म्हणजे समुद्र, आता उजळ म्हणजे आपले उपाहारगृह. किनाऱ्यालगत घर असलेल्या वाचकांनी उन्हाळ्यात गॅलरीतला समुद्राकडचा दिवा बंद ठेवला, तर माझ्या लेखी तेही स्वयंसेवक, मग त्यांनी वाळूत कधी पाऊल टाकलेले नसले तरी चालेल.

आता ज्या प्रश्नावर घरात आमचे एकमत होत नाही तो सांगून थांबतो. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे एकोणतीस अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. जग तापते आहे, तेव्हा माद्या वाढत जाणार. मुलीचे म्हणणे, कुंपणातल्या घरट्यांवर सावली धरावी, वाळू तापवली कोणी, आपणच ना? तिने माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटवला आहे. मी म्हणतो, बाई ग, चोरलेले परत करणे वेगळे, आणि पुढच्या पिढीत नर किती, माद्या किती हे आपण ठरवणे वेगळे. सावली किती धरणार, हे कोण सांगणार? ती म्हणते, "आबा, सावली न धरणे हेही ठरवणेच आहे." यंदाच्या उन्हाळ्यापासून हा वाद चालू आहे. ज्यांना यात काही सुचत असेल त्यांनी या पानांवर जरूर लिहावे.