सव्वा तासाची नदी

नर्मदेच्या उगमाचं अमरकंटक ते मुखाजवळचं भरूच हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर साधारण 900 किलोमीटर भरतं. ताशी 800 किलोमीटरच्या विमानाला सव्वा तास पुष्कळ झाला. नर्मदा मात्र उगमापासून समुद्रापर्यंत 1312 किलोमीटर वळणं घेत जाते आणि तिची पायी परिक्रमा करणारा दोन्ही काठांनी 2600च्या वर चालतो. परंपरेने ठरलेली मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. हल्ली बरेच जण काही महिन्यांत पुरी करतात, बसवाले तर दोन-तीन आठवड्यांत.

मग पुण्य कशाचं? अंतराचं, वेळेचं की कष्टाचं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरला हा प्रश्न रस्त्यावरच भेटतो. शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत दक्षिण तटाचे परिक्रमावासी इथे येतात आणि पुढे सागबाऱ्याकडे, गुजरातेत शिरतात. गंमत अशी, की खापरहून नर्मदा दिसतच नाही. ती उत्तरेला, सातपुड्यापलीकडे. शूलपाणीच्या झाडीतली वाट मुळातच बिकट, त्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने काठच गिळला. याच अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली बुडालं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याजवळ नदी उरते ती झोळीतल्या बाटलीत. त्या जलाची रोज पूजा होते.

अंतर मोजायचं की वेळ, हा पेच इस्लामी धर्मशास्त्रालाही चुकलेला नाही. हनफी मताप्रमाणे साधारण 78 किलोमीटरपलीकडे निघालेला माणूस प्रवासी ठरतो आणि त्याची चार रकातींची फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाज दोनची होते. हे अंतर मुळात तीन दिवसांच्या पायी मजलीवरून आलं. विमान ते सहा मिनिटांत कापतं, तरी सवलत कायम. तिथे अंतर बघतात, वेळ नाही.

परिक्रमेला मात्र ही फूटपट्टी लागत नाही. निघालो तिथेच परतायचं, म्हणजे दोन टोकांतलं अंतर शून्य. विमान वाचवणार काय? आणि सगळ्यांत कडक नियम हा, की नर्मदा ओलांडायची नाही. खापरचा रस्ता थेट अंकलेश्वरला जातो. पलीकडे भरूच, मधे 1881चा गोल्डन ब्रिज. चालत गेलं तरी अर्धा तास पुरे. परिक्रमावासी त्यावर पाऊल ठेवत नाही. तो विमलेश्वरला जातो, भरतीची वाट बघत बसतो आणि मुखाबाहेरून, समुद्रातून नावेने पलीकडच्या काठावर मिठीतलाईला उतरतो.

बसवाल्यांची टिंगल करणं सोपं आहे. पण गुडघे गेलेल्या सत्तरीतल्या आजींनी काय करावं? नदी ओलांडली नसेल, तर त्यांचीही परिक्रमा पुरी मानावी. फक्त सदावर्ताचा शिधा घेऊन परक्याच्या ओसरीवर पथारी टाकणं बसच्या तिकिटात मिळत नाही, एवढं त्यांनाही ठाऊक असतं.

कार्तिकी एकादशीनंतर या रस्त्याने गाडीतून जाताना पांढऱ्या कपड्यांतली, पाठीवर बोचकं घेतलेली माणसं दिसली, तर वेग कमी करा, ‘नर्मदे हर’ म्हणा. गाडीत बसा म्हणून आग्रह मात्र करू नका.