घर विकताना साक्ष कोणाची?

दलालाशिवाय घर विकायला कायद्याची आडकाठी नाही. २०१६च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. मालकाने एजंट नेमलाच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत तर ही रीत जुनीच. खोली सोडायची ठरली की बातमी आधी गॅलरीत फुटते, मग जिन्याखालच्या फळ्यावर येते. आता व्हॉट्सॲपवर आणि मालकांच्या थेट जाहिराती घेणाऱ्या संकेतस्थळांवरही जाते. पागडीच्या खोलीला घरमालकाची संमती आणि भाडेपावतीवर नवे नाव लागते. त्यापोटी द्यायची रक्कम पूर्वी चोरून दिली जाई. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती वैध केली.

दलाली वाचते खरी, पण दोन अनोळखी माणसांत शब्दाची हमी कोणी घ्यायची, हा प्रश्न उरतोच. धर्मशास्त्राने त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वर जमीन हस्तांतराची सहा अंगे सांगतो: गाव, ज्ञाती, शेजारी आणि वारस यांची संमती, शिवाय सोने आणि पाणी. स्थावराची विक्री निषिद्ध मानलेली, म्हणून सोने-पाणी देऊन विक्रीलाच दानाचे रूप द्यायचे. जमीन निव्वळ माल नव्हे, ही जाणीव त्यामागे आहे आणि ती आजही सोडून देण्याजोगी नाही.

शेजाऱ्याची साक्ष कशाला लागते, हे परळच्या एखाद्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कळते. मार्चमध्ये घर दाखवताना छताला ताजा रंग असतो. त्याखालचा ओलीचा पिवळा डाग विकणाऱ्याला आणि शेजाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नाही. सहज न दिसणारा, पण आपल्याला माहीत असलेला मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ बजावते. मधे दलाल असला की ‘त्यांनी विचारलंच नाही’ असे म्हणून सुटता येते. समोरासमोरच्या व्यवहारात गप्प राहणे हेच खोटे बोलणे ठरते.

मात्र शेजाऱ्यांची संमती हा दुधारी हक्क आहे. ‘आपल्यातलाच हवा’ म्हणत जात, धर्म आणि ताटातले मासे पाहून गिऱ्हाईक परतवले जाते, ते याच संमतीच्या नावाने. विज्ञानेश्वराने इथे नेमकी रेघ ओढली आहे. गावाची संमती व्यवहार उघड व्हावा एवढ्यासाठी. तिच्यावाचून व्यवहार अडत नाही. शेजाऱ्यांची संमती हद्दीचा तंटा टळावा म्हणून. म्हणजे गळती सांगण्याचे काम शेजाऱ्याचे आहे. घेणाऱ्याचे आडनाव विचारण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.