वज्रकवच आणि लोहजालिका

कार्तिकातली यात्रा पांगल्यावर कौंडण्यपुरास वर्धेच्या काठी निवांत बसले, म्हणजे रुक्मिणीहरणाच्या कथेतला एक प्रसंग माझ्या मनात पुनःपुन्हा घोळतो, आणि तो रुक्मिणीचा नसून तिच्या भावाचा, रुक्मीचा असतो. कृष्णाच्या पाठलागास निघालेल्या या वीराला भागवताच्या दशमस्कंधात ‘दंशित’ असे विशेषण लाविले आहे. दंशन हा कवचाचा पर्याय. अमरसिंहाने तो तनुत्र, वर्म, उरश्छद, कंकटक यांच्या पंक्तीस बसविला. कृष्णाला मारल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून हा दंशित रुक्मी निघतो. त्याचे घोडे, सारथी, ध्वज, धनुष्य एकामागून एक जातात, ढाल-तलवारीचे तुकडे होतात, आणि बहिणीच्या विनवणीने प्राण तेवढे वाचल्यावर कृष्ण त्याला बांधतो तो साखळदंडाने नव्हे, वस्त्राने. वर केस आणि मिशा भादरून त्याची विटंबना करतो. प्रतिज्ञेला जागून रुक्मी माघारी आला नाही. तो भोजकटास राहिला, आणि ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे परंपरा सांगते.

कवचधारी पुरुषाला फडक्याने बांधण्याची ही कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण आपल्या काव्याची कवचाकडे पाहण्याची दृष्टी तीत एकवटली आहे. कर्णाचे कवच अंगाबरोबर जन्मले; त्याचा महिमा ते वापरण्यात नाही, काढून देण्यात आहे. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रपूर्वक कवच बांधतात आणि त्याची परंपराही सांगतात: शंकरापासून इंद्राला, पुढे अंगिरस, बृहस्पती, अग्निवेश्य आणि मग आपण. ही वंशावळ मंत्राची आहे, लोहाराची नव्हे. अर्जुनाचे बाण त्या कवचावरून निष्फळ परततात, तेव्हा तो कवच जिथे पोचत नाही ते दुर्योधनाचे तळहात आणि नखे वेधतो. ज्ञानेश्वरमहाराजांनी दुसऱ्या अध्यायात बुद्धियोगाला दिलेली उपमाही वज्रकवचाचीच: शस्त्रांचा वर्षाव सोसून, विजयासह, ‘अचुंबित’ उरण्याची. तिन्हीसांजेला घरोघर म्हटली जाणारी रामरक्षा स्वतःस वज्रपंजर म्हणविते. अखंड, अभेद्य, ईश्वरदत्त असे हे कवच आहे. त्याला सांधा नाही आणि त्याला घडविणारा कारागीर नाही.

परंतु प्रत्यक्ष कारखान्यात घडत होते ते याच्या नेमके उलट. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात वर्मांचे प्रकार मोजताना ‘लोहजालिका’ हा शब्द घातला आहे, आणि तो कवीचा नसून कोठारावर देखरेख करणाऱ्या अंमलदाराचा शब्द असल्यामुळे त्यात अतिशयोक्ती नाही. जालिका म्हणजे जाळी. मध्ययुगात फारसी ‘जिरह’ आली, बख्तर आले, चिलखत आले, तरी कड्यांच्या चिलखताची वस्तुस्थिती जाळीचीच राहिली. सोनार जंतरातून तार ओढतो तशी लोखंडाची तार ओढावयाची, ती सळईभोवती गुंडाळून कापावयाची, प्रत्येक कडीची टोके एकमेकांवर चढवून चेपावयाची, त्यांत बारीक छिद्र पाडून खिळी ठोकावयाची, आणि ठोकण्यापूर्वी ती कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवून घ्यावयाची. असे कित्येक हजार वेळा केले म्हणजे एक अंगरखा होतो.

अशा अंगरख्याची एक तुटकी बाही मी तरुणपणी वऱ्हाडातल्या एका जुन्या वाड्यात खंडेनवमीच्या पूजेत पाहिली. ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली होती. बाहेर काढताना ती पाण्यासारखी हातातून ओघळली आणि पाटावर पडून तिचा लहानसा ढीग झाला; उचलली तेव्हा बोटांना गंजाचा गेरूसारखा रंग लागला. डोळ्यांजवळ धरल्यावर प्रत्येक कडीवर मोहरीपेक्षाही लहान असा खिळीचा उंचवटा दिसला. आतल्या बाजूस जुन्या टाक्यांनी धरून ठेवलेला, काळा पडलेला कापूस होता, आणि तो मात्र कुणी पाहत नव्हते.

वास्तविक त्या कापसावाचून त्या लोखंडाला अर्थ नव्हता. कड्यांची जाळी तलवारीचा ओढता वार थोपविते, कारण त्याचा जोर एका कडीवर न राहता शेजारणींत वाटला जातो. परंतु गदेचा आघात ती जसाच्या तसा आत पोचविते, आणि निमुळते टोक सरळ बसले तर कडी उकलते. हाड वाचवावयाचे तर खाली रुईचा जाड थर हवा. पिंजाऱ्याने पिंजलेली रुई आणि लोहाराने ओवलेली कडी मिळून चिलखत होते, हे कपाशीच्या मुलखाने तरी विसरू नये.

इंग्रजांच्या ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यात वीराचे कड्यांचे चिलखत वेलंड नावाच्या लोहाराने घडविलेले आहे. आपण मेलो तर ते आपल्या राजाकडे पाठवावे, असे बेओवुल्फ आधीच सांगून ठेवतो, आणि पुढे पाण्याखालच्या झुंजीत तेच त्याची छाती वाचविते. वस्तू, तिचा कर्ता आणि तिचा वारस, तिघेही तेथे नावानिशी येतात.

आपल्याकडे असा क्षण मला काव्यात सापडला नाही; तो बखरीत सापडला. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने लिहिलेल्या बखरीत प्रतापगडच्या भेटीला, म्हणजे 10 नोव्हेंबर 1659 रोजी, शिवाजी महाराजांच्या अंगात ‘जरीची कुडती’ आहे, आणि अफजलखानाची जमदाड तिच्यावर ‘खरखरली’, अंगास लागली नाही, असे म्हटले आहे. जरी म्हणजे सोन्याची तार, असा अर्थ घेऊन वाचक पुढे जातो. माझे मत निराळे आहे. सोन्याच्या तारेवर पाते किंचित खरखरेलही, पण जमदाडीसारखे भोसकण्याचे हत्यार रेशमी वस्त्राने थांबत नाही. हा शब्द जिरहचा, कड्यांचा असला पाहिजे. मोडीच्या लगबगीत एखादी वेलांटी गळणे नवे नाही. ग्रँट डफनेही आपल्या 1826 च्या इतिहासात सुती अंगरख्याखाली कड्यांचे चिलखतच सांगितले आहे. तिरप्या बसलेल्या पात्याचा कड्यांवरून घसरतानाचा तो आवाज सभासदाने एका क्रियापदात पकडला, आणि माझ्या मते मराठी गद्याने कवचाविषयी लिहिलेला हा सर्वांत खरा शब्द आहे. ‘जिरेटोप’ या शब्दाचीही तीच गत झाली: मूळचा कड्यांचा लोखंडी टोप, पण आज त्या नावाने चित्रांत आणि नाटकांत दिसते ते कापडी शिरोभूषण.

वज्राची उपमा अध्यात्माला शोभते, कारण आत्म्याला सांधा नाही. इतिहास वाचताना मात्र ती बाजूस ठेवावी. बखरींचे संपादक शब्दार्थाची टीप लिहिताना ती वस्तू एकदा हातात घेऊन पाहतील, तर अशा कित्येक जागा उलगडतील.

आणि वऱ्हाडातल्या ज्या वाड्यांत अशी एखादी बाही, टोपाची झालर किंवा कड्यांचा गुंता अजून पेटीत पडून असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, दसऱ्याला ती विटकरीने घासू नका, कोरड्या कापडाने पुसा. आतला कापूस कुजका म्हणून उपटून टाकू नका. आणि मोडीत घालण्यापूर्वी एकवार नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात नेऊन दाखवा.