कारण आणि सबब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली आणि घरोघरच्या जुन्या संगणकांना विंडोज ११ चा रस्ता धरावा लागला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या फ्लॅटांत हे काम बहुधा सुट्टीच्या दिवशी घरातलंच कोणीतरी अंगावर घेतं. कधी ते तडीस जातं. कधी टक्केवारी वाढत जाते, संगणक दोन-तीनदा बंद होऊन चालू होतो आणि शेवटी केलेले बदल मागे घेतल्याचं सांगून जुनी विंडोजच पुन्हा समोर उभी राहते. मग घरात चर्चा सुरू होते : मध्येच लाइट गेली असेल, मशीनच जुनं झालंय, अमावास्येला कशाला हात लावला. तिन्ही वाक्यं सारख्याच ठामपणे बोलली जातात. ती सारख्याच योग्यतेची आहेत का, हा प्रश्न संगणकाचा कमी आणि श्रद्धेचा जास्त आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो की पुत्रकामेष्टी करूनही पुत्र होत नाही, तेव्हा वेदवचन खोटं मानावं. त्यावर नैयायिकाचं, म्हणजे न्यायमत मानणाऱ्याचं, उत्तर असं : वचन खोटं नाही; कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काहीतरी उणीव राहिली असेल. बिघाड शोधणारा तंत्रज्ञही याच तीन ठिकाणी पाहतो. पायऱ्या चुकल्या का, करणाऱ्याने घाई केली का, की साधनच अपुरं पडलं, म्हणजे टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूटची सोय नाही किंवा डिस्कवर जागा नाही? म्हणून नैयायिकाच्या उत्तराला पळवाट म्हणून उडवून लावता येत नाही. मात्र ते उत्तर एका अटीवरच टिकतं. उणीव आहे हे फळ मिळालं नाही एवढ्यावरून ठरवायचं नाही. तिचा स्वतंत्र पुरावा दिसला पाहिजे. ही अट पाळली तर ते कारण, न पाळली तर सबब.

संगणकाच्या बाबतीत ही अट पाळता येते. मध्येच वीज गेली असेल, तर पँथर नावाच्या फोल्डरातली सेटअपची नोंद एखाद्या क्षणी तुटलेली सापडायला हवी. ती सलग असेल आणि माघारीचा निर्णयही तिच्यात रीतसर लिहिलेला असेल, तर विजेला दोष देता येत नाही. १९००१०१ हे आकडे असलेला संकेतांक दिसला तर संशय बहुतेक वेळा ड्रायव्हरवर जातो, आणि त्याच्या पुढचा भाग काम कोणत्या टप्प्यावर अडलं ते सांगतो. तरीही हा संशयच असतो. त्याची शहानिशा एका वेळी एकच गोष्ट बदलून करावी लागते. प्रिंटर, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस आणि जुना ड्रायव्हर तिन्ही एकदम काढून टाकले आणि काम झालं, तर यश मिळालं, पण दोषी कोण हे कळलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच त्यातून कळतं.

यावर व्यवहारी आक्षेप असा की दुकानदार सरळ 'फॉरमॅट मारा' म्हणतो, आणि संगणक चालूही होतो. कारण शोधत बसायचं कशाला? वेळ वाचवायचा असेल तर हा सल्ला योग्यच आहे. पण फॉरमॅटने बिघाडाबरोबर पुरावाही पुसला जातो. नंतर कोणी काहीही कारण सांगितलं तरी ते खोडता येत नाही, आणि न खोडता येणारं कारण सांगणं सगळ्यांत सोपं असतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगणक माणसाने घडवला, म्हणून त्याची कारणं सापडतात. प्रारब्ध अदृष्ट आहे, त्याची नोंदवही कुठून आणायची? हे मान्य करू. मग तेवढ्याच प्रामाणिकपणे असंही मान्य करावं लागेल की अदृष्टाचा हवाला ना फळाच्या बाजूने देता येतो, ना विरुद्ध. टिटवाळ्याचा महागणपती लग्नं जुळवतो अशी श्रद्धा आहे. लग्न जुळलं तर ती नवसाची प्रचीती आणि मोडलं तर भक्ताची श्रद्धा कमी पडली, असा हिशेब मांडला की कोणतीही घटना नवसाच्या विरोधात जाऊच शकत नाही. जे कशानेही खोटं ठरत नाही, ते प्रचीतीने खरंही ठरत नाही. शिवाय या हिशेबात एका माणसावर अन्याय होतो. आधीच निराश झालेल्या भक्तावर, पुरावा नसताना, कर्त्याच्या दोषाचा ठपका बसतो.

यातून धर्म मोडीत निघतो असं नाही. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवणारं कुटुंब त्या पूजेकडून अपडेट यशस्वी होण्याची हमी मागत नाही. ज्या साधनावर घर चालतं त्याच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करतं. तिथे फळाचा दावाच नाही, म्हणून तपासण्यासारखंही काही नाही. जिथे दावा आहे, तिथे मात्र संगणकाला लावतो तोच नियम नवसालाही लावला पाहिजे : अपयश आल्यास दोष कुठे आणि कसा दिसेल, हे आधी सांगा. नैयायिकाने ईश्वर आणि आत्मा यांच्यासाठीही अनुमानच वापरलं. तेव्हा ही मागणी परंपरेबाहेरची नाही. नैयायिकाच्याच शिस्तीने त्याच्या एका उत्तराकडे पाहणं आहे.